आतल्या खोलीतला फोन

गौरी यायच्या आदल्या दिवशी दुपारी सोप्यातला फोन वाजला, तेव्हा मी माळ्यावरून मुखवट्यांची पेटी उतरवत होते. खालून आईचा आवाज आला, "आलो, आलो, थांब जरा." फोनलाच सांगत होती ती. आमचं घर बेळगावच्या शहापुरातल्या जुन्या घरांसारखंच, रुंदीला बेताचं आणि लांबीला गल्लीपासून परसापर्यंत. सोपा म्हणजे पुढची बैठकीची खोली, मग मधली खोली, स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं जिथं एकेकाळी माग होता ती खोली. आई आता तिथं झोपते, कारण न्हाणी आणि संडास तिथून जवळ. तिथून सोप्यापर्यंत यायचं म्हणजे आधी पलंगाची कड, मग भिंत, मग स्वयंपाकघराचा उंबरा. तिथं ती दोन्ही हातांनी चौकट धरते आणि आधी उजवा पाय पलीकडं टाकते. मी शिडीवरूनच ओरडले, "आई, घाई करू नको, मी घेते." पण ती माझ्याआधी पोचली होती. रिसीव्हर उचलून "हॅलो" म्हणाली. पलीकडं नुसता डायल टोन. तरी ती थांबून थांबून हॅलो म्हणतच राहिली.

फोन ठेवल्यावरही तिनं रिसीव्हरवरचा हात काढला नाही. धाप लागली होती. "आक्काचा असंल," म्हणाली. मग, "का दादाच्या हापिसातनं?" दारात आलेला पाहुणा कुणी न भेटता परत गेला की तिचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता. दुपारभर तिनं एकेकाला फोन लावला. कोल्हापूरच्या मावशीला, वडगावच्या मामांना, आत्याला. "तू केल्तीस काय गे आत्ता?" कुणीच केला नव्हता. रात्री जेवताना परत तोच विषय. दादा म्हणाला, "अगं, कुठल्या तरी कंपनीवाल्यांचा असेल, लोन पाहिजे का विचारायला." तिला ते पटलं नाही असं नाही, पण ती म्हणाली, "असू दे की. नको म्हणून तरी सांगितलं असतं."

तो फोन कुणाचा होता ते अजूनही कळलेलं नाही.

तिला मोबाइल दिला नव्हता असं नाही. आधी दादानं स्क्रीनचा दिला. तिच्या बोटांची टोकं आयुष्यभर सूत, राख आणि धुण्याचा साबण यांनी इतकी कोरडी झाली आहेत की काचेला ती जाणवतच नाहीत. हिरवं गोल वर सरकवायचं म्हटलं की ती ते जोर लावून दाबायची, आणि आपण दाबतोय तरी हा ऐकत का नाही म्हणून अजून जोरात दाबायची. मग बटणांचा आणला. तो तिनं रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला, कपड्यांच्या घडीखाली. "त्याच्यावर मला कोण करणार? नंबर कुणाला पाठ हाय?" यात खोटं काही नव्हतं. आमच्या नात्यातल्या पासष्टीपुढच्या सगळ्यांना आमचा घरचा नंबर तोंडपाठ आहे आणि तेवढाच आहे. कॉर्डलेस आणून पाहिला. त्याचा हातातला भाग कधी उशाखाली, कधी देवघरात, आणि वाजेल तेव्हा बॅटरी उतरलेली. शेवटी वहिनी म्हणाली, मग फोनच आतल्या खोलीत हलवूया. त्याला मात्र आईनं साफ नकार दिला. "फोन सोप्यातच पाहिजे. आल्यागेल्याला दिसाय नको?"

सोप्यातला तो कोपरा मीही कधी रिकामा पाहिलेला नाही. भिंतीतली देवळी, तिच्यात क्रोशाचा रुमाल, त्याच्यावर फोन. शेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेले नंबर, बाबांच्या तिरक्या अक्षरात. रंग देताना दरवेळी रंगाऱ्याला तेवढा चौकोन सोडून द्यायला सांगितलं जातं. त्यातले निम्मे नंबर आता लागत नाहीत. काहींना नंतर २ हा आकडा वाढवलेला दिसतो, मूळ आकड्यांच्या आधी कसाबसा घुसवलेला, कारण पुढं सगळ्यांचेच नंबर वाढले.

बाबांनी अर्ज दिल्यावर फोन यायला वर्षं गेली. तेव्हा सगळीकडंच तसं होतं. त्या वाट बघण्याच्या काळात बाबा एक गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगायचे, ती पुढं मला खरी असल्याचं कळलं. सी-डॉटनं, म्हणजे सरकारच्या टेलिफोन संशोधन संस्थेनं, देशात तयार केलेलं खेड्यांसाठीचं पहिलं एक्सचेंज १९८६ साली बसलं ते आपल्याच जिल्ह्यात, कित्तूरला. १२८ पोर्टांचं, एअर कंडिशनर नसलेल्या खोलीतही चालेल असं. "राणी चन्नम्माच्या गावात पहिल्यांदा घंटी वाजली, आता आपल्याकडं वाजायला किती वेळ," असं ते मागावर बसून म्हणायचे. आमच्याकडं वाजली तेव्हा मी शाळेत होते. आणि वाजली तरी त्यांना ती ऐकू यायची नाही. माग चालू असला की त्या खोलीत शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ओठांवरून ओळखावं लागायचं. म्हणून त्यांनी फोनच्याच लाईनवर एक जादा घंटी घेतली आणि ती मागाच्या डोक्यावर तुळईला ठोकली. सोप्यात फोन वाजला की तिकडं ती घणघणायची, बाबा धोटा थांबवून मान वर करायचे, आणि तोवर आईनं सोप्यात फोन उचललेला असायचा.

फोन तीच उचलायची. गल्लीत दुसऱ्या कुणाकडं नव्हता तोवर आमचा नंबर पी. पी., म्हणजे निरोपासाठी शेजाऱ्याचा नंबर, म्हणून कितीतरी जणांच्या कार्डावर, अर्जावर, लग्नाच्या पत्रिकेवर होता. आई "धरा हं" म्हणून रिसीव्हर देवळीत आडवा ठेवायची आणि पदर खोचत गल्लीत जायची. एसटीडीचा, म्हणजे परगावचा, असेल तर पळायची. कुणाची बाळंतीण सुटली, कुणाचा पुण्यातला पेपर बरा गेला, कुणाच्या सासऱ्यांचं काही खरं नाही, हे सगळं आधी तिच्या कानावर पडायचं आणि मग त्या घरात जायचं. वाईट निरोप ती फोनजवळ कधीच सांगायची नाही. त्या माणसाला आधी आत बोलवायची, बसवायची, पाणी द्यायची. तिनं हे कुणाकडून शिकून घेतलं होतं असं वाटत नाही. पण गल्लीत जाणत्या बायका पुष्कळ होत्या आणि हे काम सगळ्यांनी तिच्यावर सोडलं होतं.

नंतर मोबाइल आले आणि प्रत्येकाची बातमी ज्याच्या त्याच्या खिशात यायला लागली. आता घरात कुणाचं काय चाललंय ते आईला शेवटी कळतं, तेही संध्याकाळी कुणाला आठवण झाली तर. दादाच्या मोबाइलवर येणारा फोन दादाला येतो, वहिनीच्या मोबाइलवरचा वहिनीला. घराला म्हणून फोन येतो तो एकच, देवळीतला. तो वाजला की घराच्या वतीनं कुणीतरी ओ द्यायला पाहिजे, आणि ते आपलं काम आहे असं तिनं चाळीस-एक वर्षं मनाशी धरलेलं. "नको म्हणून तरी सांगितलं असतं" याचा अर्थ मला तिथं लागला. लोनवाल्यालाही या घरातून कुणीतरी नीट उत्तर द्यायला हवं होतं.

शिवाय मावशी. मावशीचा कोड ०२३१, आमचा ०८३१. मुंबई-पुण्याकडचे कोड ०२ नं सुरू होतात, बंगळूरकडचे ०८ नं. त्यामुळं एका गावात वाढलेल्या दोन बहिणींच्या मध्ये एका आकड्याचा फरक पडला. "आपला आठ, आक्काचा दोन," हे आईनं आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ करून घेतलं असेल. रात्री उशिरा दर उतरायचे तेव्हा त्या बोलायच्या, आणि आई समोर घड्याळ ठेवायची. इथं माणसं सोयरीक करताना सीमा बघत नाहीत. लेकी कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडं जातात, सुना तिकडून येतात. मधेच सीमावादावरून वातावरण तापतं आणि एसटी सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या पुढं येईनाशा होतात. डिसेंबर २०२२ मध्ये तसं झालं. त्याच्या आधी, टाळेबंदीत, तोच नाका बंद होता, आणि मावशीचे यजमान गेले तेव्हा आईला जाता आलं नाही. दहा दिवस रोज ती सोप्यात फोनपाशी पाट घेऊन बसायची. बोलणं फार नसायचंच. कधी तर दोघी नुसत्या लाईन धरून असायच्या, आणि आई मधेच "हाय गे मी" एवढं म्हणायची.

म्हणून मी दादाला म्हटलं, सोप्यातला राहू दे सोप्यातच. त्याच लाईनवर आतल्या खोलीत दुसरा जोडू.

गल्लीच्या टोकाचा वायरमन गणपतीच्या लायटिंगच्या गडबडीत होता, विसर्जनानंतर आला. आमचं कनेक्शन आता तांब्याच्या तारेवर नाही. एका पावसाळ्यात जुनी लाईन सारखी बंद पडायला लागली. पूर्वी असं झालं की लाईनमन गल्लीतल्या खांबावर चढायचा आणि वरूनच ओरडायचा, "बंतु नोड्री, अम्मा," म्हणजे आली बघा, आणि आई दारातून "हौद्री, चलो आतु", होय, बरं झालं, म्हणून त्याला चहाला थांबवायची. मग दादानं फायबर घेतलं, नंबर तोच ठेवून. आता सोप्यात एक पांढरा डबा आहे, इंटरनेटही तोच देतो आणि फोनची वायरही त्याच्याच मागं लागते. वायरमननं पहिल्यांदा एक गोष्ट तपासली, बाहेरून आलेली तारांची जुनी जोडी घरातल्या वायरीला कुठं जोडलेली राहिली आहे का. ती सोडवल्याशिवाय डब्यातून आत लाईन फिरवायची नाही, म्हणाला, नाहीतर बाहेरच्या तारेतून काही आलं तर डबा जाईल.

मग आतपर्यंत वायर कशी न्यायची ते बघायला त्यानं बॅटरी मारली आणि तुळईवर थांबला. चुन्याच्या थरांखाली एक सरळ फुगवटा सोप्यापासून मागच्या खोलीपर्यंत गेला होता. नखानं खरवडलं तर क्लिपा लागल्या. बाबांच्या घंटीची वायर. माग विकला, घंटी कुठं गेली कुणाला माहीत नाही, पण तार कुणी काढलीच नव्हती. त्यानं मागच्या खोलीतलं टोक कापलं, आवरण सोलून तांबं बाहेर काढलं. टोकाला काळवंडलेलं होतं, थोडं मागं कापल्यावर आत स्वच्छ लाल निघालं. "काकू, बघा की, अजून जिवंत हाय." सोप्यातल्या बाजूला दोन्ही तारा एकमेकींना पिळून ठेवल्या, आत येऊन मीटरचे दोन काटे दोन तारांना लावले, आणि मीटर वाजला. म्हणजे मधे कुठं तुटलेली नाही. एवढ्या वर्षांचा चुना, उंदीर आणि पावसाची ओल अंगावर घेऊन.

फोन जोडणं त्यामानानं सोपं असतं. दोन तारा, त्याच दोन तारांवर दुसरा फोन समांतर. दोन्ही वाजतात, कुठलाही उचलला तरी चालतो. फक्त लाईटच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून ती न्यायची नाही, एक तर धोका आणि वर फोनमध्ये घुंईऽऽ असा आवाज येत राहतो. एका लाईनवर फोन लटकवत गेलं की घंटी मलूल होते, असंही त्यानं बजावलं. आईनं मान हलवली. आयुष्यभर मागाच्या तारा-दोऱ्यांत वावरलेली ती, तिला हे आमच्याआधी समजत होतं. काम चालू असताना कुणाचा तरी फोन आला आणि त्याच्या बोटांना झटका बसला, कारण वाजताना तारेवरचा व्होल्टेज एरवीपेक्षा बराच जास्त असतो. पूर्वी नुसती लाईन ४८ व्होल्टवर असायची, तीही एक्सचेंजच्या बॅटऱ्यांवर, त्यामुळं गल्लीभर अंधार असला तरी फोन चालू. आता लाईट गेली की डबा बंद आणि डब्याबरोबर फोन बंद. त्याला त्यानं एक हातभर लांबीचाही नाही असा छोटा यूपीएस लावून दिला. नवा फोन आम्ही खडेबाजारातून आणला होता, मोठ्या बटणांचा, वाजला की लाल दिवा लागणारा. तो पलंगाशेजारी, उजव्या हाताला. उशी कुठं असते, ती कुठल्या कुशीवर वळते, अंधारात हात कुठं जाईल, हे आईनं प्रत्यक्ष आडवं होऊन दाखवलं आणि मगच त्यानं गिट्टी ठोकली.

पहिला फोन मीच माझ्या मोबाइलवरून परसात उभी राहून केला. दोन्हीकडं घंटी वाजली. तिनं लगेच उचलला नाही. उठून बसली, पदर सारखा केला आणि मग उचलला. "हॅलो, कोण बोलतंय?" समोरच्या खिडकीतून मी तिला दिसत होते, तरी विचारलं.

समांतर जोडलेल्या फोनचं एक असतं. एका टोकाला बोलणं चालू असताना दुसरा उचलला की सगळं ऐकू येतं. पुण्याला परतायच्या आदल्या संध्याकाळी मी सोप्यातला उचलला, तर आत आई मावशीशी बोलत होती. मी ठेवायच्या आत जे कानावर पडलं ते असं: "श्रावणात उंबऱ्यात पाय अडकला गे. पडलो. फोन वाजत होता. कुणाला सांगितलं नाही, आता फोनच काढून टाकतील." मी रिसीव्हर हळूच ठेवला, तरी टक् असं झालंच असणार. नंतर तिनं काही विचारलं नाही, मीही नाही. आपल्या आईचं तिच्या बहिणीशी असलेलं बोलणं हे आपल्यासाठी नसतं, आणि ते ऐकल्यावर ऐकलं नाही असंही करता येत नाही. मी जेवून गल्लीत एक चक्कर मारून आले. मागांचा आवाज अजून दोन-तीन घरांतून येत होता. श्रावणात मी दर रविवारी फोन करत होते आणि ती दर रविवारी "बरी हाय" म्हणत होती. त्यातल्या कुठल्या तरी रविवारी तिच्या गुडघ्यावर हळदीचा लेप असणार. आणि ज्या फोनमागं पळताना ती पडली, तो माझाच असू शकेल.

दादाला मी काय ऐकलं ते सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला दोन्हीकडून उतरती फळी लावून घे आणि चौकटीला धरायला एक दांडा. त्यानं सुतार बोलावला. आईनं विचारलं, "हे कशाला आणि?" तो म्हणाला, "गॅसची टाकी ढकलायला." तिनं फळीवरून पाय सरकवून बघितला, मग दांडा एकदा हलवून बघितला आणि सुताराला आणखी दोन इंच खाली घ्यायला लावला.

आता दिवसा, दादा आणि वहिनी कामावर गेलेले असताना, फोन आई आतूनच घेते. ज्याचा असेल त्याचा निरोप कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवते. रिकव्हरीवाल्या एका मुलाचा दुसऱ्याच कुणासाठी तरी चुकून फोन आला, तर तिनं त्याला सांगितलं, "या नावाचं इथं कोण नाही. मी या घरातली मोठी बोलतो." मावशीशी बोलताना ती आता झोपून बोलते, त्यामुळं बोलणं लांबतं. मावशी म्हणते, "तुझा आवाज आता जवळनं येतोय." गल्लीतल्या बायका निरोप सांगायला येत नाहीत, येणारही नाहीत, ते दिवस या वायरीनं परत आणलेले नाहीत आणि आई तसं मागतही नाही.

परवा मात्र वहिनीनं सांगितलं ते असं. शेजारच्या काकूंचा मोबाइल बंद पडला होता आणि त्यांचा मुलगा मस्कतहून काळजीनं हैराण. त्याला लहानपणापासून पाठ असलेला आमचा नंबर आठवला. आईनं आतून उचलला. "धर, बोलावतो," म्हणाली, आणि परसाच्या भिंतीवरून अशी हाक मारली की काकू भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन गल्लीकडून सोप्यात शिरल्या. देवळीतला रिसीव्हर त्यांनी कोपरानं कानाशी धरला आणि बोलायला लागल्या. आई आत फोन कानाला लावूनच होती. वहिनी म्हणाली, "आई, आता ठेवा की तुम्ही." आईनं तिला हातानं थांब म्हणून खूण केली, आणि तोंडाजवळ फोन धरून विचारलं, "ऐकू येतंय काय रे बाळा? आलं काय आईचं बोलणं?" त्यानं "होय काकू" म्हटल्यावर मग ठेवला.